बालकांचा लठ्ठपणा : घर, शाळा, शासन आणि आपण

(विहाराच्या वर्धापनदिनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



समितीने आम्हाला 'मुलांचे आरोग्य' या विषयावर दोन शब्द बोलायला सांगितले. आमची सगळी नोकरी अमरावती जिल्हा परिषदेच्या शाळांत गेली. त्यातली काही वर्षे धारणी तालुक्यात काढली. आमच्या सहचारिणी आरोग्यसेविका होत्या. त्यामुळे आम्ही मेळघाटच्या कुपोषणावर बोलणार, अशी आपली अपेक्षा असेल. ती चूक नाही. पण आज आम्ही त्याच नाण्याची दुसरी बाजू मांडणार आहोत. विषय आहे मुलांचा लठ्ठपणा. मागे बसलेल्या दोन-तीन जणांच्या चेहऱ्यावर हसू दिसते आहे. हसा, हरकत नाही. वर्षभरापूर्वी आम्हीही हसलो असतो.

सुरुवात आमच्याच घरापासून करतो. दुसऱ्याच्या घराकडे बोट दाखवून भाषण करणे सोपे असते, पण ते खरे नसते.

आमचा नातू नऊ वर्षांचा आहे. सेवानिवृत्तीनंतर आम्ही अकोल्याला मुलाकडे राहायला आलो. सून आणि मुलगा दोघेही नोकरीवर जातात, पोरगं आमच्याजवळ. रोज संध्याकाळी फिरायला निघालो की तो म्हणायचा, "आबा, मले पाकीट आणजा." आणि आम्ही आणायचो. कधी पाच रुपयांचे, कधी दहाचे, सोबत कधी थंड पेयाची बाटली. नातवाने मागावे आणि आजोबाने द्यावे, यापेक्षा मोठे सुख म्हातारपणी काय असते! एक दिवस तो खेळायला गेला आणि लगेच परत आला. कोपऱ्यात बसून राहिला. विचारले तर म्हणाला, "आबा, मले खेळाले घेतलं नाही. म्हणे, तुले धावता येत नाही." त्याच सुमारास त्याच्या मानेवर काळपट पट्टा दिसू लागला. आम्हाला वाटले मळ आहे. सुनेने साबण लावून, घासणी घेऊन घासला. कातडी लाल झाली, पट्टा काही गेला नाही. शेवटी दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी मान पाहिली, वजन केले. वजन भरले शेहेचाळीस किलो. ते म्हणाले, "गुरुजी, हा मळ नाही. शरीरातले इन्सुलिन नीट काम करत नसल्याची ही खूण आहे. आत्ता सावरले तर सगळे ठीक होईल. नाही सावरले तर मोठेपणी नाही, तरुणपणीच मधुमेह गाठेल."

घरी आल्यावर आमच्या सहचारिणी एवढेच म्हणाल्या, "तुम्हीच त्याले रोज पाकीट आणून देता, अन् आता काहून घाबरता?" याला आमच्याजवळ उत्तर नव्हते. मित्रहो, आजचे हे व्याख्यान म्हणजे ते उत्तर शोधण्याचा प्रयत्न आहे.

भुकेची आठवण

पहिला प्रश्न असा की, आम्ही पाकीट का देत होतो? आम्ही अडाणी नाही. छत्तीस वर्षे मुलांना शिकविले. तरी का देत होतो?

१९७२ च्या दुष्काळात आम्ही दहा वर्षांचे होतो. त्या वेळची मंडळी इथे बसलेली आहेत, त्यांना सांगायला नको. दुष्काळी कामावर आईबाप खडी फोडायचे. तिथे सुकडी मिळायची. रेशनला परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी यायची. तिची भाकर गळ्याखाली उतरत नसे, पण तीही पोटभर नव्हती. त्याआधीच्या पिढीने तर याहून वाईट पाहिले. दुसऱ्याच्या दारचे शिळेपाके, उरलेसुरले खाऊन दिवस काढले. त्या अपमानातून बाबासाहेबांनी आपल्याला बाहेर काढले. शिक्षण मिळाले, नोकऱ्या मिळाल्या. मग आपल्या लेकराने दुकानाकडे बोट दाखवले आणि आपल्या खिशात पैसे आहेत, तर 'नाही' कसे म्हणायचे? आपल्याला कोणी दिले नाही, म्हणून आपण देतो. गुटगुटीत लेकरू दिसले की म्हणतो, खात्यापित्या घरचे आहे. बाळसे हीच आपल्याकडे सुखाची खूण.

ही भावना खोटी नाही. तिची थट्टा करणाऱ्यांना आम्ही सांगतो की, भूक पाहिली नसेल त्याने याविषयी बोलू नये. पण याच भावनेचा धंदा झाला आहे, हेही तितकेच खरे आहे. पाच रुपयांचे पाकीट मुद्दाम पाच रुपयांचे केलेले असते, कारण मजुराच्या खिशातही पाच रुपये असतात. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर ७५ किलोमीटरचे डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत झाले. जागतिक विक्रम झाला, आपल्या वऱ्हाडाचे नाव झाले, चांगली गोष्ट आहे. पण चांगल्या रस्त्याने दवाखान्याची गाडी लवकर येते, तशी पाकिटांची गाडीही लवकर येते. ज्या खेड्यात आजही ताजी भाजी आठवडी बाजारालाच मिळते, तिथे पाकिटांच्या माळा मात्र रोज लटकलेल्या दिसतात.

आकडे काय सांगतात

आता थोडे आकडे सांगतो. कंटाळू नका, आकडे थोडेच आहेत.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार २०१५-१६ मध्ये महाराष्ट्रात पाच वर्षांखालील शंभरात सुमारे दोन मुले जास्त वजनाची होती. २०१९-२१ च्या सर्वेक्षणात ती शंभरात चार झाली. चार वर्षांत दुप्पट. आपण म्हणाल, शंभरात चारच ना! पण त्याच सर्वेक्षणात महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील शंभरात पस्तीस मुले वयाच्या मानाने खुजी होती आणि शंभरात छत्तीस कमी वजनाची. म्हणजे एक संकट गेले नाही आणि दुसरे दारात आले. सप्टेंबर २०२५ मध्ये युनिसेफने जाहीर केले की, जगात पाच ते एकोणीस वयोगटात लठ्ठ मुलांचे प्रमाण (९.४ टक्के) पहिल्यांदाच कमी वजनाच्या मुलांपेक्षा (९.२ टक्के) जास्त झाले आहे. आपण भारतात अजून त्या ठिकाणी पोचलो नाही, पण वाट तीच धरली आहे.

इथे काही लोक म्हणतील, "गुरुजी, मेळघाटात पोरं उपाशी मरतात अन् तुम्ही लठ्ठपणाचं काय घेऊन बसले?" हा प्रश्न आम्ही स्वतःलाच अनेकदा विचारला. त्याचे उत्तर आम्हाला पुण्याच्या एका संशोधनात सापडले. के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर मायांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. तिथली बाळे जन्मतः सरासरी २.७ किलोची, तर इंग्लंडमधली ३.५ किलोची. आपली बाळे बारीक. पण मोजमाप घेतल्यावर दिसले की, या बारीक बाळांच्या अंगात मांस कमी आणि चरबी त्या मानाने जास्त आहे. वरून बारीक, आतून चरबीयुक्त. आईच्या पोटात असताना पोषण कमी पडले की शरीर तंगीची तयारी करते, मिळेल ते साठवून ठेवायला शिकते. पुढे अशा मुलाला अन्न जास्त आणि हालचाल कमी मिळाली की, तेच शरीर मधुमेहाकडे लवकर झुकते.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. ज्या समाजाच्या माय-आज्यांनी पिढ्यानपिढ्या अर्धपोटी राहून लेकरे जन्माला घातली, त्या समाजाच्या मुलांना पाकिटाचा धोका जास्त आहे. कुपोषण आणि लठ्ठपणा हे दोन वैरी नाहीत, एका मायेची दोन लेकरे आहेत. म्हणून लठ्ठपणा थांबविण्याचे धोरण नऊ वर्षांच्या पोराच्या वजनकाट्यापासून सुरू होत नाही, ते सोळा-सतरा वर्षांच्या मुलीच्या ताटापासून सुरू होते. २ ऑक्टोबर १९७५ ला देशात ३३ ठिकाणी अंगणवाडीची योजना सुरू झाली, त्यात आपली धारणी होती. २०१५ मध्ये आदिवासी भागातील गरोदर व स्तनदा मातांसाठी डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना आली, एक वेळचे चौरस जेवण देणारी. या योजना म्हणजे भिकेचे ताट नव्हे, उद्याचा मधुमेह आज थांबविण्याचे काम आहे.

कोसलच्या राजाची गोष्ट

बालमित्रांनो, तुम्ही चुळबुळ करू लागलात. तुमच्यासाठी एक गोष्ट सांगतो. ती आपल्या संयुक्त निकायात आहे.

कोसल देशाचा राजा पसेनदी फार जेवायचा. मोठे द्रोणभर मापाच्या तांदळाचा भात एका वेळी संपवायचा. असाच एकदा जेवून, धापा टाकत तो तथागतांकडे आला. त्याला धड बसवेना. तथागत त्याला रागावले नाहीत, हसले नाहीत, लठ्ठ म्हणून हिणवले नाही. जो जेवणाचे माप ओळखतो त्याचा त्रास कमी होतो, अशा अर्थाची एक गाथा त्यांनी म्हटली. राजाजवळ सुदर्शन नावाचा एक तरुण उभा होता. राजाने त्याला ती गाथा पाठ करायला लावली आणि सांगितले, "मी जेवायला बसलो की ही रोज म्हणत जा." त्यासाठी त्याला रोज शंभर कहापण द्यायचे ठरविले. हळूहळू राजाचे जेवण द्रोणावरून एका नाळीच्या लहान मापावर आले, शरीर हलके झाले, तो आनंदाने अंगावरून हात फिरवू लागला.

आता यातले मर्म पाहा. राजाने गाथा ऐकली, ती त्याला पटली. पण आपले मन ताट समोर आल्यावर टिकणार नाही, हे त्याला ठाऊक होते. म्हणून त्याने व्यवस्था केली. ऐन जेवणाच्या वेळी आठवण करून देणारा माणूस नेमला, त्याला पगार दिला. एवढ्या मोठ्या राजाला व्यवस्था लागली, तर नऊ वर्षांच्या पोराने केवळ मनाच्या जोरावर पाकीट नाकारावे, ही अपेक्षा कोणत्या न्यायाची? 'पोट्टे ऐकतच नाहीत' असे म्हणून आपण मोकळे होतो. पोट्टे ऐकत नाहीत, कारण फाटकासमोर पाकीट आहे, टी.व्ही.वर पाकीट आहे, मोबाईलमध्ये पाकीट आहे आणि आबाच्या खिशातही पाकीट आहे. धोरण म्हणजे दुसरे काय? सगळ्या लेकरांसाठी सुदर्शन नेमणे, यालाच सार्वजनिक आरोग्याचे धोरण म्हणतात.

शासनाने काय केले, काय राहिले

शासनाने काहीच केले नाही असे म्हणणे बरोबर होणार नाही. मे २०१७ मध्ये महाराष्ट्र शासनाने शाळांच्या उपाहारगृहांत वेफर्स, नूडल्स, थंड पेये, पिझ्झा, बर्गर, केक, चॉकलेट असे पदार्थ विकायला मनाई केली आणि त्याऐवजी पोळी-भाजी, वरण-भात, खिचडी, इडली यांसारखे पदार्थ सुचविले. पण आपल्या जिल्हा परिषदेच्या किंवा नगर परिषदेच्या किती शाळांत उपाहारगृह आहे? आपल्या पोरांचे उपाहारगृह म्हणजे फाटकाबाहेरची टपरी. २०२० मध्ये केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने यासाठीच नियम काढले. जास्त चरबी, मीठ किंवा साखर असलेले पदार्थ शाळेच्या आवारात आणि शाळेच्या फाटकापासून कोणत्याही दिशेला पन्नास मीटरच्या आत मुलांना विकायचे नाहीत, तिथे त्यांची जाहिरातही करायची नाही. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकायला बंदी आहे, हे आपल्याला भिंतीवरच्या पाटीमुळे माहीत आहे. पन्नास मीटरचा हा नियम किती जणांना माहीत होता? हात वर करा. दोन हात. बरोबर आहे, आम्हालाही माहीत नव्हता.

आम्ही आपल्या वस्तीतल्या शाळेच्या फाटकापासून पावले मोजली. पन्नास मीटर म्हणजे साधारण सत्तर पावले. तेवढ्यात तीन टपऱ्या आहेत. त्यातली एक आपल्याच एका भगिनीची आहे. पती गेल्यानंतर दोन मुलींचे शिक्षण तिने त्या टपरीवर केले. तिला आम्ही नियम सांगितला. ती शांतपणे म्हणाली, "गुरुजी, मी फुटाणे ठेवून पाहिले. मऊ पडले, फेकून द्यावे लागले. पाकीट सहा महिने टिकते. कंपनीचा माणूस दुकानावर आणून देतो. तुम्ही मले सांगा, मी काय विकू?"

बंधूंनो, या प्रश्नाला उत्तर न देणारे धोरण हे आपल्या गरिबाच्या पोटावर पाय देणारे धोरण आहे. अधिकारी आले, पंचनामा केला, तिची टपरी उचलली आणि मोठ्या दुकानात तेच पाकीट विकत राहिले, तर त्याला आम्ही आरोग्य म्हणणार नाही. उत्तर आपल्याला शोधायचे आहे आणि त्याकडे आम्ही शेवटी येतो.

शासनाच्या हातात आणखी एक साधन आहे, ते म्हणजे कर. मेक्सिको देशाने जानेवारी २०१४ पासून साखरेच्या पेयांवर लिटरमागे एक पेसो कर लावला, तेव्हा त्यांची खरेदी कमी झाली. चिली देशाने २०१६ पासून जास्त साखर, मीठ, चरबी असलेल्या पाकिटांवर समोरच्या बाजूला काळे अष्टकोनी शिक्के सक्तीचे केले. अक्षर न वाचता येणाऱ्या आजीलाही शिक्का दिसतो. शिवाय असे पदार्थ शाळांत विकायला बंदी केली आणि मुलांना उद्देशून केलेल्या जाहिरातींना लगाम घातला. आपल्याकडे २२ सप्टेंबर २०२५ पासून साखरेच्या थंड पेयांवर वस्तू व सेवा कर चाळीस टक्के झाला. वर्तमानपत्रात मोठा मथळा आला. पण आधी अशा बुडबुड्यांच्या पेयांवर अठ्ठावीस टक्के कर आणि बारा टक्के उपकर होताच. अठ्ठावीस आणि बारा किती? बालमित्रांनो, तुम्ही सांगा. चाळीस. म्हणजे भार तोच राहिला. आणि त्याच दिवसापासून बिस्किटे व चॉकलेट अठरावरून पाच टक्क्यांवर आणि नमकीन बारावरून पाच टक्क्यांवर आले. घरखर्चाला दिलासा मिळाला, हे मान्य. पण लेकरांच्या तब्येतीचा विचार त्या हिशेबात कुठे होता, हा प्रश्न आपण विचारला पाहिजे.

शाळेतल्या जेवणाचीही गोष्ट तशीच आहे. १५ ऑगस्ट १९९५ ला पोषण आहाराची योजना आली, तेव्हा आम्ही शाळेत महिन्याला तीन किलो धान्य वाटायचो. पोरे पिशव्या घेऊन यायची. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या नोव्हेंबर २००१ च्या आदेशानंतर शिजवलेले अन्न सुरू झाले. सर्व जातींची लेकरे एका पंगतीत बसून एकाच भांड्यातले जेवू लागली. त्या पंगतीची किंमत कोणत्याही आकड्यात मांडता येणार नाही. प्राथमिकच्या मुलाला त्या जेवणातून ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत, असे ठरलेले आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्याने आठवड्यातून एक दिवस अंडे सुरू केले, अंडे न खाणाऱ्यांना केळी. एका अंड्यात सहा ग्रॅम प्रथिने असतात. गरिबाच्या पोराला यापेक्षा सोपी ताकद दुसरी नाही. जानेवारी २०२५ मध्ये अंड्यांसाठीचा निधी थांबविला गेला आणि लोकसहभागातून पैसा उभा करा, असे शाळांना सांगितले गेले. ज्या वस्तीत पोटाची भ्रांत आहे, तिथे लोकसहभाग कुठून येणार? पोट प्रथिनांनी भरले नाही, की पोरगं मधल्या सुट्टीत पाच रुपयांचे पाकीट शोधते. म्हणून सांगतो, चांगली खिचडी आणि अंडे हाही लठ्ठपणावरचाच उपाय आहे.

पाकीट उलटे करून वाचा

आता घरातल्या भगिनींसाठी थोडे उपयोगाचे. पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात घटकांची यादी असते. ज्याचे वजन जास्त ते आधी लिहावे, असा नियम आहे. पहिल्या तीन नावांत साखर किंवा तेल असेल, तर तो खाऊ रोजचा नव्हे. बटाट्याच्या वेफर्समध्ये साधारण तिसरा हिस्सा तेल असते. थंड पेयाच्या शंभर मिलिलिटरमध्ये दहा-अकरा ग्रॅम साखर असते. म्हणजे पाव लिटरच्या बाटलीत पाच ते सहा चमचे. आपण पोराला चहात सहा चमचे साखर टाकून देऊ का?

आणि त्या बदल्यात काय? आपल्या वऱ्हाडाला बाहेरून काही आणायची गरज नाही. ज्वारीची भाकर, तुरीचे वरण, अंबाडीची भाजी, वरणफळे, मुगाची उसळ, भाजलेल्या शेंगा, फुटाणे, थंडीत हुरडा, हरभऱ्याचा हुळा, उन्हाळ्यात आंबील आणि मठ्ठा, आणि वरूड-मोर्शीकडची संत्री. अकोल्याला १९६९ पासून डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नावाचे कृषी विद्यापीठ आहे, तिथे ज्वारीचे वाण तयार होतात. पण शेतात कपाशी आणि सोयाबीन आले, रेशनला गहू-तांदूळ आला आणि ज्वारी ताटातून उठली. भाकर म्हणजे गरिबी, असे आपल्याला वाटू लागले. आमच्या घरी आता आठवड्यातून चार दिवस भाकर असते. पहिल्या आठवड्यात नातवाने ताट सरकवले. सातव्या-आठव्या दिवशी ठेचा मागून खाल्ली.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. लठ्ठ मुलाला उपाशी ठेवू नका आणि त्याला नावे ठेवू नका. 'ढोल्या', 'गोलू' म्हणून हाक मारली की तो लपून खातो. मोठ्या माणसाचा वजनाचा हिशेब मुलाला लागू होत नाही, त्याच्या वयाप्रमाणे आणि उंचीप्रमाणे वेगळा तक्ता असतो. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके शाळेत येतात, वजन-उंची घेतात. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका आणि मोजमाप काय आले ते विचारून घ्या. मुलीच्या बाबतीत तर जास्तच लक्ष द्या. ती मोठी झाली की आपण तिचे खेळणे बंद करतो आणि मग म्हणतो, हिचे वजन काहून वाढले?

मैदानाचा प्रश्न

शेवटचा मुद्दा जरा कठीण आहे, म्हणून तो शेवटी ठेवला.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की, पाच ते सतरा वर्षांच्या मुलाने रोज सरासरी एक तास तरी अंग मोडेल असे खेळले पाहिजे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेला मैदान सांगितले आहे. अमरावतीला मैदानाची मोठी परंपरा आहे. वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये स्थापन केलेल्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ जगाला दाखविले. त्या वऱ्हाडात आज पोरांना खेळायला जागा उरली नाही. आपल्या वस्तीत तरी कुठे आहे? एकच जागा आहे, आपल्या विहाराच्या मागची.

त्या जागेवर गाळे काढून भाड्याने द्यायचे, असा विचार समितीपुढे आहे. हेतू चांगला आहे. भाड्यातून विहाराचा खर्च निघेल, विद्यार्थ्यांना वह्या-पुस्तके देता येतील. मागच्या सभेत आम्ही स्वतः गाळ्यांच्या बाजूने हात वर केला होता, हे सर्वांनी पाहिले आहे. आज इथे सर्वांसमोर आम्ही तो हात खाली घेतो. १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी सार्वजनिक तळ्याचे पाणी आपल्यासाठी खुले केले. सार्वजनिक जागेची किंमत ज्यांना ती नाकारली गेली त्यांनाच कळते. आपल्या लेकरांना श्रीमंतांच्या क्लबात कोणी घेणार नाही. त्यांच्या वाट्याची ही एवढीच माती आहे. तिच्यावर सिमेंट टाकण्याआधी समितीने पुन्हा एकदा विचार करावा, ही आमची हात जोडून विनंती आहे. खर्चासाठी दरमहा वर्गणी वाढवा, आमचे नाव पहिले लिहा.

आणि आता टपरीवाल्या भगिनीच्या प्रश्नाचे उत्तर. दर रविवारी आपल्या बालसंस्कार वर्गानंतर आपण मुलांना बिस्किटांचा पुडा वाटतो. तो बंद करू. आपल्या महिला बचत गटाने शेंगदाण्याची चिक्की, भाजलेले फुटाणे, उकडलेला हरभरा करावा आणि विहाराने तो त्या भगिनीच्या टपरीवरून विकत घ्यावा. रविवारची मागणी पक्की असली तर तिचा माल पडून राहणार नाही, मग बाकीचे दिवसही ती तो ठेवील. १४ एप्रिलला अकोल्याच्या उन्हात आपण थंड पेये वाटतो, त्याऐवजी मठ्ठा आणि माठाचे पाणी ठेवू. बुद्धपौर्णिमेची खीर मात्र राहू द्या. वर्षातून एक दिवसाच्या खिरीने कोणी लठ्ठ होत नाही, रोजच्या पाकिटाने होते. आणि पन्नास मीटरच्या नियमाचे, शाळेतल्या अंड्याचे निवेदन आपण सगळ्यांच्या सह्यांनी द्यावे. मसुदा आम्ही लिहून आणला आहे, तो बाहेर टेबलावर आहे.

आमच्या नातवाचे वजन अजून फारसे उतरले नाही. वाढायचे मात्र थांबले आहे. उंची वाढते आहे, तेव्हा पुढे जमेल, असे डॉक्टर म्हणतात. संध्याकाळी तो आणि आम्ही विहाराच्या मागे त्याच जागेवर जातो. तो धावतो, आम्ही चालतो. परवा मुलांनी त्याला कबड्डीत घेतले. पहिल्याच चढाईत बाद झाला, पण हसत आला. म्हणाला, "आबा, आता मले रोज घेतात." त्याच्या हातात काही नव्हते आणि आमच्याही खिशात काही नव्हते.



नमो बुद्धाय, जयभीम!